जांभळ्या मुठीची मालकी : एकच रंग ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील एक कौटुंबिक कारखाना विळे, खुरपी आणि ऊसतोडीचे कोयते तयार करतो. गेली पंधरा-सोळा वर्षे या सगळ्या अवजारांच्या प्लास्टिकच्या मुठी एकाच गडद जांभळ्या रंगाच्या आहेत, आणि गिऱ्हाईक दुकानात कंपनीचे नाव न घेता “जांभळ्या मुठीचं खुरपं द्या” असे सांगते. आता दुसऱ्या एका उत्पादकाने त्याच छटेच्या मुठी बाजारात आणल्या आहेत. नाव वेगळे आहे आणि भाव कमी. हा रंग आपल्या नावावर ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येईल का आणि नोंदवला तर समोरच्याला थांबवता येईल का, असे प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे.

भारतीय कायद्याने एकट्या रंगाच्या नोंदणीला स्पष्ट परवानगी दिलेली नाही, तशी स्पष्ट बंदीही घातलेली नाही. त्यामुळे नोंदणी अशक्य नाही, पण ती अर्जाच्या बळावर मिळत नाही, पुराव्याच्या बळावर मिळते, आणि तो पुरावा बहुतेक कारखान्यांकडे असूनही त्यांनी तो जपलेला नसतो. आपल्या बाबतीत “जांभळा रंग” असा नुसता अर्ज पहिल्या दिवशी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याआधी करण्यासारख्या दोन-तीन गोष्टी आहेत आणि समोरच्याला थांबवण्याचा जवळचा मार्गही नोंदणीचा नाही.

आधी कायद्याचे शब्द पाहू. व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) अधिनियम, १९९९ याच्या कलम २ (१) मधील खंड (एम) मध्ये ‘चिन्ह’ कशाला म्हणावे ते सांगितले आहे. त्यात नाव, सही, शब्द, अक्षर, अंक, लेबल, वस्तूचा आकार, वेष्टन अशी यादी असून तिच्या शेवटी ‘रंगांचा संयोग’ येतो. खंड (झेडबी) मधील ट्रेडमार्कच्या व्याख्येत आणखी दोन अटी आहेत: चिन्ह कागदावर रेखाटून दाखवता आले पाहिजे, आणि एकाचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा ओळखू येईल अशी क्षमता त्यात असली पाहिजे. कलम १० मध्येही ‘रंगांचा संयोग’ हेच शब्द आहेत. म्हणजे अधिनियमात रंगाचा उल्लेख जिथे अशा संदर्भात येतो तिथे तो अनेकवचनी येतो, आणि सगळा वाद या अनेकवचनाभोवती फिरतो.

हा वाद भारतात लुबुताँ या फ्रेंच कंपनीच्या बुटांवरून पेटला. उंच टाचांच्या बुटांचे तळवे लाल रंगाचे ठेवणे ही या कंपनीची खूण. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये एका दाव्यात या लाल तळव्याला सुप्रसिद्ध व्यापारचिन्ह ठरवले. त्यानंतर सहा महिने होतात न होतात तोच, मे २०१८ मध्ये, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या न्यायमूर्तींनी त्याच कंपनीचा दुसरा दावा सुरुवातीलाच फेटाळला. कायदा ‘रंगांचा संयोग’ म्हणतो, संयोगाला किमान दोन रंग लागतात, म्हणून एकटा रंग ‘चिन्ह’ या व्याख्येतच बसत नाही, आणि व्याख्येत न बसणारी गोष्ट कितीही प्रसिद्ध झाली तरी ट्रेडमार्क होऊ शकत नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे. एकाच कंपनीच्या एकाच खुणेबद्दल एकाच न्यायालयातून दोन विरुद्ध दिशांचे निकाल आल्यावर व्यापाऱ्याने काय समजावे, हा प्रश्न रास्त आहे. आपल्यापुरते उत्तर असे, की यातला कुठलाही निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही. दिल्लीच्या निकालांचा तिथे आदराने विचार होतो, इतकेच.

२०१८ चे ते वाचन मला पटत नाही, आणि त्याचे कारण कायद्यातच आहे. चिन्हाची व्याख्या ‘समावेश होतो’ या शब्दांनी सुरू होते, म्हणजे ती यादी उदाहरणादाखल आहे, बंदिस्त नाही. त्या यादीत ध्वनीचा उल्लेख कुठेही नाही, तरीही २०१७ च्या नियमांतील नियम २६ मध्ये ध्वनिचिन्हाचा अर्ज कसा करावा हे सांगितले आहे: तीस सेकंदांपेक्षा मोठी नसलेली एमपी-थ्री फाइल द्यावी लागते. गंधाचाही उल्लेख यादीत नाही, पण २०२५ च्या अखेरीस एका जपानी टायर कंपनीचा, टायरला दिलेल्या गुलाबासारख्या गंधाचा अर्ज ट्रेडमार्क निबंधक कार्यालयाने जाहिरातीसाठी, म्हणजे कोणाचा विरोध असल्यास तो यावा म्हणून जर्नलमध्ये छापण्यासाठी, स्वीकारला. यादीत नसलेला आवाज आणि यादीत नसलेला वास चालत असतील, तर ज्याचा निदान भाऊबंद यादीत आहे तो रंग व्याख्येबाहेर फेकण्यास तर्क पुरत नाही. मात्र मी दुसऱ्या बाजूचा वकील असतो तर कलम १० दाखवून म्हटले असते, की संसदेला एकटा रंग चालवायचा असता तर ‘रंग’ असा साधा शब्द लिहिण्यास तिला कोणी अडवले नव्हते. हा युक्तिवादही टाकाऊ नाही. सर्वोच्च न्यायालय या मुद्द्यावर स्पष्ट बोलेपर्यंत नुसत्या रंगाची नोंदणी घेणाऱ्याने ती कोर्टात टिकेलच असे गृहीत धरून कारखान्याचा व्यवहार आखू नये.

व्याख्येचा अडसर पार केला तरी खरी कसोटी कलम ९ (१) ची असते. ज्या चिन्हात भेदकता नाही, म्हणजे जे पाहून माल कोणाचा हे कळत नाही, त्याची नोंदणी नाकारावी असे हे कलम सांगते. रंग जन्मतःच भेदक नसतो. शब्द पाहिल्यावर हे नाव असावे असे ग्राहक आपोआप समजतो. रंग पाहिल्यावर ही सजावट असावी असे समजतो. म्हणून रंगाला कलम ९ (१) च्या परंतुकातूनच, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादातूनच, आत यावे लागते: अर्जाच्या तारखेपूर्वीच्या वापरामुळे त्या चिन्हाला वेगळी ओळख प्राप्त झालेली आहे, हे अर्जदाराने सिद्ध करायचे. ‘अर्जाच्या तारखेपूर्वी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यामुळे उद्यापासून वापरण्याच्या रंगासाठी आज अर्ज करण्यात काही हशील नसते. आपल्याकडे पंधरा-सोळा वर्षांचा वापर आहे, ही जमेची बाजू.

न्यायालये रंगाबाबत हात आखडता का घेतात, हेही समजून घ्यावे, कारण परीक्षक (निबंधक कार्यालयात अर्ज तपासणारा अधिकारी) आणि विरोधक याच भीतीला हात घालतील. डोळ्यांना सहज वेगळे ओळखू येणारे रंग थोडे आहेत आणि उत्पादक पुष्कळ. एकेकाने एकेक रंग कायमचा बळकावला तर उशिरा धंद्यात येणाऱ्याला रंगच उरणार नाही. त्यातून काही रंग त्या मालाचेच असतात. सांगलीच्या हळद व्यापाऱ्याला पिवळ्या पाकिटावर हक्क सांगता येणार नाही, कारण पिवळा रंग हळदीचे वर्णन करतो, व्यापाऱ्याचे नाही. काही रंग धंद्याच्या रिवाजाचे असतात, काही उपयोगाचे असतात. औषधांच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये सिप्लाच्या दाव्यात नारिंगी गोळीच्या रंगावर मक्तेदारी नाकारली. औषध नावावर मागितले जाते, रंगावर नाही, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे परिस्थिती उलटी आहे, गिऱ्हाईक रंगावरच मागते आहे, आणि म्हणूनच आपली बाजू त्या औषध कंपनीपेक्षा बळकट आहे.

परदेशी निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण परीक्षकापुढे आणि न्यायालयापुढे त्यांचा आधार घेतला जातो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये क्वालिटेक्स प्रकरणात, ड्राय क्लीनिंगच्या इस्त्रीयंत्रावर घालायच्या गादीचा हिरवट-सोनेरी रंग ट्रेडमार्क होऊ शकतो असे एकमताने ठरवले. इस्त्रीच्या गादीला डाग दिसू नयेत म्हणून काहीतरी रंग लागतो, पण नेमका हाच रंग लागतो असे नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. युरोपच्या न्यायालयाने २००३ मध्ये लिबर्टेल या दूरसंचार कंपनीच्या नारिंगी रंगाबाबत सांगितले, की कागदावर रंगाचा नमुना चिकटवून भागत नाही, कारण कागदावरचा रंग काळाने बदलतो. आंतरराष्ट्रीय मान्यतेचा रंगसंकेत द्यावा.

सर्वांत शिकण्यासारखे आहे ते कॅडबरीचे प्रकरण, आणि त्यावर थोडा वेळ घालवण्यास हरकत नाही. ब्रिटनमध्ये कॅडबरीने २००४ मध्ये चॉकलेटच्या वेष्टनाच्या जांभळ्या रंगासाठी, पँटोन या रंगसंकेत-पद्धतीतील २६८५ सी या संकेतासह, अर्ज केला. नेस्लेने विरोध केला. हा जांभळा म्हणजे कॅडबरी ही ओळख ग्राहकांच्या मनात पक्की असल्याचे सिद्ध झाले, पहिल्या फेरीत बऱ्याच अंशी आणि उच्च न्यायालयातही कॅडबरीची सरशी झाली. तरीही २०१३ मध्ये अपील न्यायालयाने अर्ज नाकारला. घात केला तो वर्णनातील काही शब्दांनी. हा रंग वेष्टनाच्या संपूर्ण दृश्य पृष्ठभागावर असेल ‘किंवा त्यावरील प्रमुख रंग असेल’, असे अर्जात लिहिले होते. प्रमुख म्हणजे किती? अर्धा, पाऊण, पट्ट्यांच्या रूपात, ठिपक्यांच्या रूपात? या शब्दांत एक चिन्ह मावत नव्हते, असंख्य मावत होते, आणि प्रतिस्पर्ध्याला आपण कुठे थांबायचे हे कळत नव्हते. कंपनीने पुढे नव्याने अर्ज केले, आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयात तिला अंशतः यश मिळाले. शतकभर वापरलेल्या रंगाची नोंदणी इतकी वर्षे अडून राहते, ती भेदकता नाही म्हणून नव्हे तर पसरट वर्णनामुळे, हे वाचून तरी अर्जदारांनी वर्णनाचा रकाना कारकुनावर सोपवू नये.

लुबुताँच्या खुणेचेही तसेच. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने २०१२ मध्ये लाल तळव्याला संरक्षण दिले, पण बुटाचा वरचा भाग वेगळ्या रंगाचा असेल तरच. आख्खा बूट लाल असेल तर हक्क नाही. युरोपच्या न्यायालयानेही २०१८ मध्ये, ते चिन्ह म्हणजे तळव्याचा आकार नसून ठरावीक जागी लावलेला ठरावीक रंग आहे, असे मानून आकारासंबंधीची बंदी त्याला लागू केली नाही. दोन्हीकडे कंपनीला हात दिला तो जागेने. रंग मोकळा नव्हता, बुटाच्या एका भागाला बांधलेला होता.

आपल्या मुठीला हेच लागू पडते. ‘हातअवजारांसाठी जांभळा रंग’ असा अर्ज केला तर तो सगळ्या जांभळ्यावर हक्क सांगतो आणि म्हणूनच पडतो. ‘खुरपे, विळा व कोयता यांच्या मुठीच्या संपूर्ण पृष्ठभागावर लावलेला, अमुक संकेताचा जांभळा रंग, पात्याचा व मुठीचा आकार तुटक रेषांनी केवळ जागा दाखवण्यासाठी काढलेला असून त्यावर हक्क सांगितलेला नाही’ असे वर्णन त्याच गोष्टीला अंगापुरते मापून कापते. फिस्कार्स या फिनलंडच्या कंपनीने कात्रीच्या नारिंगी मुठीचा रंग फिनलंडमध्ये आणि अमेरिकेत नोंदवलेला आहे. आपल्या मालाला याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही आणि ते परीक्षकाच्या आक्षेपाला द्यायच्या उत्तरात जरूर जोडावे. आपला माल नोंदणीच्या वर्ग ८ मध्ये (हातअवजारे) येतो. मालाची यादी लिहितानाही हाव धरू नये: जे बनवता तेच लिहावे. फावडे-कुदळीचे दांडे जांभळे नसतील तर त्यांची नावे यादीत घालून विरोधकाच्या हाती कोलीत देण्यात अर्थ नाही.

संयोगाबद्दलही विचार करावा. दोन रंगांच्या जोडीला आपल्या कायद्यात उघड जागा आहे आणि न्यायालयांनी ती मानलेली आहे. कोलगेटच्या दंतमंजनाच्या डब्यावरील एक तृतीयांश लाल आणि दोन तृतीयांश पांढऱ्या रंगाच्या मांडणीला २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अँकरविरुद्ध संरक्षण दिले. पुण्याजवळ सणसवाडीत ज्या कंपनीचे ट्रॅक्टर तयार होतात त्या जॉन डियरच्या हिरव्या-पिवळ्या जोडीलाही त्याच न्यायालयाने संरक्षण दिले आहे. मात्र जोडी असली की काम झाले असेही नाही. आयटीसीने बिस्किटाच्या पुड्याच्या पिवळ्या-निळ्या रंगांवरून ब्रिटानियाविरुद्ध मिळवलेला मनाई हुकूम दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मार्च २०१७ मध्ये उठवला. काही महिन्यांच्या विक्रीवर रंगसंगतीची मालकी उभी राहत नाही, असा त्याचा मथितार्थ. आपल्या खुरप्यांच्या जांभळ्या मुठीच्या टोकाला पांढरे बूच असते, असे आपण पाठवलेल्या छायाचित्रात दिसते. ते नेहमीच असेल, तर जांभळी मूठ आणि पांढरे बूच या जोडीचा अर्ज आधी करावा. तो व्याख्येच्या वादात अडकत नाही. नुसत्या जांभळ्याचा अर्ज त्यामागून, पुराव्याची फाइल तयार झाल्यावर करावा. शब्द आणि लोगो यांची नोंदणी अजून नसेल, तर ती सर्वांत आधी आणि काळ्या-पांढऱ्यात करावी. रंगाची मर्यादा न घालता नोंदवलेले चिन्ह कलम १० (२) नुसार सर्व रंगांसाठी नोंदलेले मानले जाते.

आता पुराव्याकडे येतो, कारण सगळे प्रकरण शेवटी तिथेच ठरते. विक्रीची बिले, जीएसटी विवरणपत्रे, जाहिरातीचा खर्च हे सगळे द्यावेच लागते, पण त्यातून फक्त माल खपला एवढेच दिसते. रंगामुळे ओळखला गेला हे दिसत नाही. रंगासाठी दोन वेगळ्या गोष्टी दाखवाव्या लागतात. पहिली, रंग इतकी वर्षे तोच होता. जुनी छायाचित्रे यासाठी कुचकामी ठरतात, कारण छपाईत आणि मोबाइलच्या पडद्यावर जांभळा कधी निळसर दिसतो, कधी तपकिरी. त्यापेक्षा मास्टरबॅच पुरवणाऱ्याची बिले शोधावीत. मुठीच्या दाण्यात मिसळायच्या रंगाच्या या बिलांवर बहुधा शेड नंबर लिहिलेला असतो, आणि तो नंबर वर्षानुवर्षे एकच असेल तर त्याहून बोलका कागद नाही. पुरवठादार बदलला असेल तर दोघांचे शेड कार्ड मिळवावे. रिप्रोसेस दाणा (जुने प्लास्टिक वितळवून केलेला) वापरला की रंग मळकट येतो आणि उन्हात पडलेल्या मुठीचा रंग उडतो, हे परीक्षकापेक्षा विरोधकाला जास्त चांगले ठाऊक असते. तो अशाच दोन मुठी शेजारी ठेवून ‘यातला तुमचा ट्रेडमार्क कोणता?’ असे विचारील. म्हणून कारखान्यात जपलेल्या वेगवेगळ्या वर्षांच्या मुठी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (रंग मोजण्याच्या यंत्रावर) मोजून घ्याव्यात आणि पँटोन किंवा प्लास्टिकच्या धंद्यात जास्त रूढ असलेला राल संकेत ठरवावा. अर्जात जो संकेत द्याल त्याच्याशी यापुढचा माल जुळला पाहिजे.

दुसरी गोष्ट, गिऱ्हाईक त्या रंगावरून आपल्याला ओळखते. इथे आपल्याकडे एक ठेवा आहे, तो म्हणजे दुकानदारांच्या ऑर्डरी. “जां. मूठ खुरपे ५ डझन” अशी चिठ्ठी, वहीतील नोंद किंवा व्हॉट्सअॅपवरचा संदेश, ज्यात कंपनीचे नाव नाही आणि तरीही माल तुमच्याकडूनच मागवला आहे, हा रंगाला लाभलेल्या ओळखीचा थेट पुरावा आहे, आणि वाद सुरू होण्यापूर्वीच्या तारखेचा असल्यामुळे तो रचलेला आहे असे कोणी म्हणू शकत नाही. असे संदेश पुसू नयेत. ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. कृषी सेवा केंद्रांच्या आणि हार्डवेअर दुकानदारांच्या मालकांची प्रतिज्ञापत्रेही घ्यावीत, पण एकाच मजकुराखाली वीस जणांच्या सह्या घेऊ नयेत. ज्या प्रतिज्ञापत्रात दुकानदार आपल्या शब्दांत, कुठल्या वर्षापासून, कुठल्या गावचे गिऱ्हाईक, काय म्हणून मागते हे सांगतो, ते एक दहा साच्यातल्या प्रतिज्ञापत्रांना भारी पडते. शक्यतो निपाणी-चिकोडीकडचे आणि सांगली-साताऱ्याकडचे दुकानदारही त्यात असावेत, म्हणजे ओळख एका तालुक्यापुरती नाही हे दिसेल.

जाहिरातीचा मजकूर दुधारी असतो. “नकली मालापासून सावध राहा, जांभळी मूठ पाहूनच घ्या” असे आपल्या पुठ्ठ्यावर छापलेले असेल तर ती ओळ सोन्याची आहे, कारण तिथे आपण स्वतः ग्राहकाला रंग ही खूण म्हणून दाखवत आहात. नसेल तर आजपासून छापावी. याउलट “गवतात पडले तरी पटकन सापडते” असे कुठल्याही पत्रकावर असेल तर ते लगेच काढावे. भडक रंगाची मूठ हिरव्या-पिवळ्या पाल्यात चटकन दिसते हे खरे आहे, शेतकरी त्यासाठी ती पसंतही करत असतील. पण आपणच तसे छापले की रंग उपयोगाचा ठरतो, आणि उपयोगाची गोष्ट एकाला कायमची देता येत नाही, असा युक्तिवाद विरोधकाला आयता मिळतो. आपल्या अधिनियमात उपयोगितेची स्पष्ट बंदी कलम ९ (३) मध्ये केवळ आकारासाठी आहे, रंगासाठी नाही. तरी भेदकतेच्या चर्चेत हा मुद्दा येतोच. त्यावर उत्तर असे, की लाल, नारिंगी, पिवळी मूठही गवतात तितकीच दिसते आणि धंद्यातले इतर लोक त्या वापरतातच.

अर्जाची प्रक्रिया स्वतः अवघड नाही. टीएम-ए या नमुन्यात ऑनलाइन अर्ज करताना चिन्हाचा प्रकार म्हणून ‘रंग’ निवडता येतो. लघुउद्योग म्हणून उद्यम प्रमाणपत्र जोडले तर एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे, अन्यथा ९,०००. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात. पहिल्या वापराची तारीख लिहून तिच्या पुष्ट्यर्थ प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच द्यावे लागते. परीक्षण अहवालात कलम ९ (१) खाली आक्षेप येणारच, तो आला म्हणून घाबरू नये. मात्र उत्तरासाठी एक महिनाच मिळतो आणि पुरावा गोळा करण्यास तो पुरत नाही, म्हणून फाइल आधी, अर्ज नंतर. अर्ज जर्नलमध्ये जाहीर झाल्यावर चार महिने कोणालाही विरोध करता येतो, आणि आजचा नक्कल करणारा उत्पादक तो करीलच. निबंधकांनी अर्ज नाकारला तर उच्च न्यायालयात अपील आहे. नोंदणी मिळाल्यास ती दहा वर्षांची असते आणि नूतनीकरण करता येते.

डिझाइन अधिनियमाचाही पर्याय कोणी सुचवील. त्या कायद्यात रंगांची मांडणी येते हे खरे, पण तिथे नावीन्य लागते आणि आपली मूठ सोळा वर्षे बाजारात आहे. तो रस्ता बंद आहे.

राहिला समोरच्याला थांबवण्याचा प्रश्न. त्यासाठी नोंदणीची वाट पाहण्याची गरज नाही. कलम २७ (२) ने पासिंग ऑफचा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याविरुद्धचा दावा शाबूत ठेवला आहे, आणि तिथे ‘एकटा रंग व्याख्येत बसतो का’ या वादाची धार बरीच बोथट होते. न्यायालय मालाचे एकूण रूप पाहते: मुठीचा रंग, पांढरे बूच, पात्यावरचा शिक्का, पुठ्ठ्याची रचना, खोका. यातल्या किती गोष्टी समोरच्याने उचलल्या, याची यादी वस्तू हातात घेऊन करावी. फक्त रंग उचलला असेल आणि पात्यावर त्याचे नाव ठळक असेल तर दावा कठीण आहे हे मान्य करावे; बूच आणि पुठ्ठाही तसाच असेल तर चांगला दावा आहे. त्याचा माल पावतीसह वेगवेगळ्या तालुक्यांतून विकत घेऊन सीलबंद ठेवावा. “जांभळ्या मुठीचं” असे मागितल्यावर दुकानदाराने त्याचे खुरपे काढून दिले, असे सांगणारा ग्राहक मिळाला तर त्याचे प्रतिज्ञापत्र सर्वांत आधी करून घ्यावे. उशीर मात्र करू नये. वर्षानुवर्षे पाहत बसलेल्याला तातडीचा मनाई हुकूम सहसा मिळत नाही. दावा कुठे लावायचा यातही फरक आहे: नोंदणीकृत चिन्हाच्या उल्लंघनाचा दावा कलम १३४ मुळे आपल्या धंद्याच्या ठिकाणी लावता येतो, पासिंग ऑफचा दावा मात्र प्रतिवादी जिथे आहे किंवा त्याचा माल जिथे विकला गेला तिथे लावावा लागतो. म्हणून माल कुठून विकत घेतला त्या पावतीवरचे गाव महत्त्वाचे ठरते.

त्याला नोटीस पाठवण्याची घाई झाली असेल तर मजकूर जपून लिहावा. ‘आमचा नोंदणीकृत रंग’ असे शब्द त्यात येऊ देऊ नयेत, आणि पुठ्ठ्यावर वर्तुळातला ‘आर’ छापू नये. नोंदणी नसताना ती आहे असे भासवल्यास कलम १०७ खाली दंड होऊ शकतो. ‘टीएम’ ही अक्षरे छापण्यास हरकत नाही. शिवाय निराधार धमकी दिल्याबद्दल कलम १४२ खाली तोच आपल्यावर उलटा दावा लावू शकतो. नोटिशीत वापराची वर्षे, एकूण रूपाचे वर्णन आणि विकत घेतलेल्या नमुन्यांचा उल्लेख पुरेसा आहे. आणि ती पाठवण्यापूर्वी मास्टरबॅचची जुनी बिले हाती आलेली असावीत.